फाटकाच्या आतला ताप

मार्च 2020. भोपाळच्या अरेरा कॉलनीत आधी कोण बंद झालं? कामवाली बाई. मग भाजीवाला, इस्त्रीवाला, गाडी पुसणारा पोरगा. ई-2 असो की ई-7, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे पडले, चौकीदाराच्या हातात सॅनिटायझरची बाटली आली, आणि आपल्याला वाटलं की झालं काम.

भोपाळमधल्या पहिल्या कोरोना रुग्णाची नोंद 22 मार्च 2020 ची. हा रुग्ण, कामाच्या बायका जिथून येतात त्या बारा नंबरच्या वस्तीतला नव्हता, परदेशातून परतलेला होता. एप्रिल उजाडला तेव्हा अंथरुणाला खिळले होते खुद्द राज्याच्या आरोग्य विभागातले वरिष्ठ अधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे कितीतरी कर्मचारी. म्हणजे ताप उतरला तो विमानातून आणि फिरला तो सरकारी गाडीतून. संशय मात्र ज्या बाईवर घेतला, तिने विमान फक्त आभाळात पाहिलेलं.

त्याच दिवसांत राज्याला आरोग्यमंत्री नव्हता. 20 मार्चला कमलनाथ पायउतार झाले, 23 ला शिवराजसिंह चौहान यांनी शपथ घेतली, आणि 21 एप्रिलपर्यंत मंत्रिमंडळात ते एकटेच. साथ दारात उभी असताना सरकार पाडायला आणि बसवायला वेळ होता, आरोग्य खातं सोपवायला नव्हता. हे विसरू नये. आपण फार लवकर विसरतो.

आणि हे कुठे घडलं? ज्या शहराची फुप्फुसं आधीच जळलेली होती, तिथे. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडचा वायू जुन्या भोपाळवर पसरला. शहराच्या 56 पैकी 36 वॉर्डांची नोंद गॅसबाधित म्हणून झाली. दक्षिणेकडचा आपला नवा भाग बराचसा वाचला. श्वसनाच्या या साथीत सगळ्यात आधी कोणाला जपायचं, हे भोपाळला कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. गॅसपीडितांच्या संघटनांनी सुरुवातीलाच सरकारला इशारा दिला होता.

झालं काय? करोंदचं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल, जे गॅसपीडितांसाठीच उभं राहिलं, तेच मार्चअखेर फक्त कोरोनासाठी ताब्यात घेतलं. दाखल असलेल्यांना घरी पाठवलं, नेहमीचे उपचार थांबले. प्रकरण कोर्टात गेलं, एप्रिलच्या मध्यावर आदेश मागे घ्यावा लागला. तोवर शहरात कोरोनाने माणसं दगावू लागली होती, आणि त्या पहिल्या मृतांत बहुतेक जण गॅसपीडित होते. 35 वर्षं औषधांवर तगून राहिलेली माणसं. ज्यांना पहिलं संरक्षण द्यायचं त्यांचीच खाट आधी काढून घेतली, याचा मला आजही संताप येतो.

आता बाईकडे परत येऊ. 29 मार्च 2020 ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला: टाळेबंदीच्या काळातला पगार कापू नका. नाव घेतलं ते उद्योग, दुकानं आणि व्यापारी आस्थापनांचं. घरकाम त्यात कुठेच नाही. त्या आदेशाचा जो काही आधार होता तोही 18 मेपासून गेला, आदेशच मागे घेतला. म्हणजे बाईचा पगार द्यायचा की नाही, हे सर्वस्वी मालकिणीच्या मनावर. काही घरांनी महिनोन्महिने पूर्ण पगार पोचवला, त्यांना नमस्कार. काहींनी एप्रिलचे अर्धे दिले आणि मेमध्ये फोन उचलला नाही.

यातला रोगाचा हिशोब सरळ आहे. सुट्टीचे पैसे कापले जाणार असतील तर अंगात ताप असलेली बाई काय करील? पॅरासिटामॉल घेईल आणि कामावर येईल. चार घरं करील. पगारी रजा हे उपकार नाहीत, ते साथ रोखायचं साधन आहे, मास्कच्या बरोबरीचं.

लशीच्या वेळी तेच. 18 ते 44 वयोगटासाठी 1 मे 2021 पासून देशात दार उघडलं, पण आधी सरकारच्या कोविन पोर्टलवर नोंदणी करा, मग वेळ पकडा. अरेरातल्या पोरांनी दोन लॅपटॉप आणि तीन फोन लावून वेळ पकडली. साधा फोन असलेल्या चौकीदाराने काय करायचं होतं? सरकारी केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करायची सोय या वयोगटाला 24 मेला मिळाली. तोवरचे तीन आठवडे दुसऱ्या लाटेचे होते. तेव्हा भदभदाच्या स्मशानात चितांना जागा पुरत नव्हती, आणि सरकारी आकड्यांत मात्र मृत्यू बोटांवर मोजण्याइतके दिसत होते.

याउलट मुंबईतल्या धारावीकडे बघा. 1 एप्रिल 2020 ला तिथे पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, लाखो माणसं, शौचालयं सार्वजनिक. फाटक लावणार कुठे? म्हणून महापालिका वाट न बघता रुग्ण शोधायला निघाली. भागातले खासगी डॉक्टर सोबत घेतले, दारोदार ताप मोजला, शाळांत आणि सभागृहांत विलगीकरणाच्या खाटा टाकल्या, तिथे जेवणही दिलं. 10 जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. शेजाऱ्याला बाहेर ठेवून नव्हे, त्याला लवकर शोधून आणि जेवू घालून तिथे साथ आटोक्यात आली.

पुढची साथ येईल तेव्हा आपल्याकडे काय असेल? कॉलनीत कितीतरी घरांत आजी-आजोबा एकटे आहेत, मुलं पुण्यात, बंगळुरूत, अमेरिकेत. त्यांची यादी कोणाकडे आहे? बारा नंबरच्या मल्टीत, म्हणजे तिथल्या बहुमजली इमारतीत, आजारी माणसाला वेगळं झोपवायला खोली नाही. आपल्याकडे लग्नाचे हॉल आहेत, वर्षातले बरेच दिवस कुलूपबंद. रहिवासी समितीच्या बैठकीला चौकीदार आणि कामाच्या बायका का नसतात? ताप आधी त्यांनाच कळतो, कारण दोन्ही बाजूंची घरं त्यांनी पाहिलेली असतात. पुढची बैठक कॅमेऱ्यांवर आणि पार्किंगवर आहे म्हणे. पगारी आजारी रजेचा ठराव त्याच बैठकीत मांडा, आणि मल्टीतल्या दोन बायकांना खुर्ची द्या. मी ठरावाला सही करायला येते.