कॅलिपर जाम कसा करावा आणि मग कसा सोडवावा

चिकटलेला ब्रेक सोडवायचा तर आधी तो चिकटलेला हवा. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ते साधत नाही. त्यासाठी गाडी 'जपून' वापरावी लागते. जूनमध्ये ती धुवावी, ओली असतानाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावावी आणि वर जाड कव्हर ओढावं, म्हणजे आतली ओल आतच राहते. मग थेट गणपतीपर्यंत तिच्याकडे बघू नये. 'पार्किंग कुठे मिळतंय? त्यापेक्षा रिक्षा बरी' हे वाक्य अधूनमधून म्हणत राहावं. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर निम्मं काम हवाच करून टाकते.

गावी निघताना फळ मिळतं. गाडी जागची हलत नाही, मग 'टक्' असा आवाज करून सुटते. एवढ्यावर भागलं तर डिस्कवर नुसता गंज चढला होता. दोन-चार ब्रेक मारलेत की खरवडून जाईल. पण पुढे गाडी एका बाजूला ओढू लागली, जळका वास आला, तर थांबा. मागच्या सीटवरचा मेव्हणा 'क्लच गेला' म्हणेल. त्याला म्हणू द्या. तुम्ही उतरून चारही चाकांजवळ तळहात न्या. न्या म्हटलंय, लावा नव्हे. पुढच्या एकाच चाकाची धग जास्त लागली तर निदान झालं. मागच्या चाकाचा हँडब्रेक जाम होणं हा वेगळा आजार. बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रम असतात.

आता थोडी थिअरी. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबानं पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला चिमटीत धरतात. पाय काढल्यावर पिस्टनला मागे कोण ओढतं? स्प्रिंग नसतेच. पिस्टनभोवतीचं रबरी सील दाबाखाली किंचित पिळलेलं असतं, ते सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. सगळा संसार त्या केसभर अंतरावर! शिवाय अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकत असतो. पिना सुकल्या की तो अडतो आणि पॅड डिस्कला घासत राहतात. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. ताजं डॉट 4 निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेल्याची हमी 155 ची. पिस्टनलाही त्याच ओलीनं आतून गंज चढतो. म्हणून दर 2 वर्षांनी ऑइल बदलायचं असतं, गाडी चालो न चालो.

1953 साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारनं डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली. ब्रेकची परीक्षा होती ती अखंड पळण्याची. तीन महिने कव्हराखाली गप्प बसण्याची परीक्षा तेव्हा कुणी घेतली नव्हती; ती आपण घेतो.

कामाला लागा. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. वर उचलल्यावर पान्याबरोबर चाकच फिरतं. गाडी उचलली की स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर नको. चाक निघताक्षणी वॉचमन आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका हजर होतील. 'आमच्या फियाटला असलं काही नव्हतं,' काका म्हणतील. त्यांच्या जुन्या अकराशेला चारी ड्रमच होते, त्यामुळे काका खोटं बोलत नाहीत, फक्त उपयोगाचं बोलत नाहीत. त्यांना टॉर्च धरायला द्या.

बोल्ट काढून कॅलिपर उचला, पण होजवर लोंबकळत सोडू नका. तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. आता पिना बघा. चांगली पीन दोन बोटांनी सरकते. तुमची सरकणार नाही. रिंग पान्यानं उलटसुलट फिरवत काढा. निघेल तेव्हा वाळक्या ग्रीसचा तपकिरी थर सोबत घेऊन निघेल. एका पिनेला टोकाशी रबर असेल तर ती कोणत्या भोकातली हे लक्षात ठेवा, अदलाबदल नको. पुसून, कॅलिपरचंच सिलिकॉन ग्रीस लावा. दुकानदार 'साहेब, ग्रीस म्हणजे ग्रीस' म्हणत पिवळा डबा पुढे करेल. त्यानं रबर फुगतं आणि पुढच्या गणपतीत पुन्हा इथेच भेट होते.

पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लँपनं हळूहळू मागे दाबा. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवा, भोवती फडकं गुंडाळा. वर आलेलं ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाणी ओता. पिस्टन हलतच नसेल तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल किंचित उघडून पुन्हा दाबा. आता सरकला, तर बिचारा पिस्टन निर्दोष! आतून सुजलेला जुना होज ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तो बदला. तरीही अडला तर पिस्टन गंजलाय. पॉलिश पेपर घेऊन बसू नका. इथे नवशिक्याची हद्द संपते आणि गॅरेजची सुरू होते. निपल उघडलं असेल तर लाइनमधली हवा काढल्याशिवाय गाडी बाहेर नेऊ नका.

सगळं जोडून झालं, चाक बसलं, काकांनी टॉर्च परत दिला, की तुम्हाला लगेच चक्कर मारावीशी वाटेल. आधी गाडी उभी असतानाच ब्रेकचं पेडल दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल तळाला जातं. ते पायाला कडक लागेपर्यंत गिअर टाकू नका; समोर कंपाउंडची भिंत आहे.