भोक नको, ड्रिल हवं

हार्वर्डमध्ये मार्केटिंग शिकवणारे थिओडोर लेव्हिट विद्यार्थ्यांना सांगायचे, की गिऱ्हाइकाला पाव इंची ड्रिल नको असतं, त्याला पाव इंची भोक हवं असतं. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे सूत्र अजून शिकवतात, आणि ते किती चुकीचं आहे हे दाखवायला कोथरूडमधली कुठलीही जुनी सोसायटी पुरेशी आहे. तिथे एखादा तरी गृहस्थ असा असतोच, ज्याला भोक अजिबात नको असतं. भिंतीला नुकता रंग दिलेला असतो, भोक पाडायचं त्याच्या जिवावर येतं. त्याला हवं असतं ते ड्रिल. त्याच्या बंद केलेल्या बाल्कनीत प्लायवूडचा एक फळा टांगलेला असतो. फळ्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पेन्सिलीने रेखलेला असतो, म्हणजे पक्कड जागेवर नसली की पकडीच्या आकाराची रिकामी जागा दिसते आणि घरात चौकशी सुरू होते. हा फळा टांगायला पाडलेली आठ भोकं हीच बहुधा त्या ड्रिलची आजवरची कामगिरी. घरचे त्याला छांदिष्ट म्हणतात, शेजारी हौशी म्हणतात, सोसायटीचे सेक्रेटरी काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही. माझ्या मते तो चांगला शहाणा माणूस आहे. आपण त्याचा हिशेब भोकं मोजून करतो, तिथे घोटाळा होतो. त्याने पैसे मोजलेले असतात ते कधीही, कशावाचूनही अडणार नाही या भरवशासाठी.

हा माणूस पुण्यात उगवला त्याला कारणं आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. तिथेच 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो, पिंपरीला टेल्को, कोथरूडला कमिन्स. या शहरातल्या दोन-तीन पिढ्या मायक्रॉनमध्ये विचार करत जगल्या. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस निवृत्त होतो तेव्हा कंपनी त्याला शाल-श्रीफळ देते आणि त्याचा व्हर्नियर ठेवून घेते. महिन्याच्या आत तो स्वतःचा विकत आणतो. 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या त्या व्हर्नियरने मग पडद्याचा रॉड मोजला जातो, गॅसची नळी मोजली जाते आणि एखाद दिवशी पोळीची जाडीही. हे शेवटचं पुन्हा करायचं नाही असं घरात ठरलेलं असतं. दुसरी जात हिंजवडीची. दिवसभर जे काम केलं ते संध्याकाळी हाताने चाचपून पाहता येत नाही, म्हणून हा तरुण बॅटरीवरचं ड्रिल घेतो. इथे कंपन्यांची हुशारी बघण्यासारखी आहे. बहुतेक कंपन्यांची बॅटरी त्यांच्याच मशीनला बसते. एकदा दोन बॅटऱ्या आणि चार्जर घरात आले, की जिगसॉ, सँडर, ब्लोअर यांची ‘नुसती बॉडी’ स्वस्तात मिळते म्हणून एकेक येत राहते.

दोघांची गाठ पडते ती रविवार पेठेत, बोहरी आळीत. दहा नंबरचा पाना मागितल्यावर ‘रिंग, फिक्स की कॉम्बिनेशन?’ असं विचारणारा दुकानदार समोर असतो, आणि एवढ्या एका प्रश्नासाठी माणूस बाणेरहून पेठेतल्या गर्दीत गाडी घालतो. टपारियाची पक्कड घरात दोन असताना तिसरी हातात घेऊन तोंड उघडमीट करून बघतो. म्हाताऱ्याचा खरा ओढा मात्र जुन्या बाजाराकडे, बुधवारी आणि रविवारी. तिथे फाटक्या ताडपत्रीवर मूठ गेलेला रंधा, बोथट पटाश्या आणि गंजलेल्या कानशी पडलेल्या असतात. तो उकिडवा बसतो, थुंकी लावलेल्या अंगठ्याने गंज पुसतो आणि शेफिल्डचा शिक्का दिसला की चेहरा मुद्दाम पाडतो, कारण विकणाऱ्याचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडेच असतं. हा अभिनय दोघांनाही पाठ असतो.

पहिला आक्षेप ठरलेला: वापरतो कधी? हत्यारं वर्षभर पडून असतात. खंडेनवमीला ती पाटावर मांडतात, तेलाच्या फडक्याने पुसतात, हळदकुंकू-झेंडू वाहतात. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती द्यायची रीत आहे. आमच्या गृहस्थाकडे ती इतर दिवशीही पाळली जाते, हे मान्य. पण याच घराच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा. चकलीचा सोऱ्या दिवाळीला निघतो, मोदकपात्र गणपतीत, पुरणयंत्र होळीला, आणि चिरोटे कापायची फिरकी कधी निघाली होती हे कुणालाच आठवत नाही. त्यांना कोणी ‘वापरता कधी?’ असं विचारत नाही. उलट सोऱ्या शेजारून मागून आणायची वेळ आली तर घराची अब्रू गेल्यासारखं वाटतं. जे चकलीला लागू आहे ते ॲलन कीला का नाही? शिवाय सोऱ्याला निदान मुहूर्त माहीत असतो. नळाचा वायसर सणवार बघून जात नाही. पाहुणे आलेले असतानाच जातो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ठीक, एक ड्रिल असू दे, पण तीन कशाला? याचं उत्तर पुण्याच्या भिंतींत आहे. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या भिंतीला ड्रिल लागतच नाही, धीर लागतो. आत माती आणि विटा. खिळा ठोकायला गेलं की ओंजळभर भिंत हातात. पुढे अपार्टमेंटं आली, विटा आणि सिमेंटची, तिथे इम्पॅक्ट ड्रिल उत्तम चालतं. मग सिपोरेक्सचे ठोकळे आले, ते तर शिर्क्यांच्या कारखान्यात इथेच मुंढव्याला बनायचे. ठोकळा हलका, आत सगळे हवेचे बुडबुडे. बिट विनातक्रार शिरतं, पण साधी गिट्टी धरत नाही, आणि आरसा एके रात्री गिट्टीसकट खाली येतो. आर्टुर फिशर या जर्मन गृहस्थाने 1958 मध्ये प्लॅस्टिकची गिट्टी काढली, तेव्हापासून तिच्या इतक्या जाती झाल्या आहेत की आमच्या गृहस्थाकडे त्यांचा वेगळा डबा असतो. आता बाणेर-वाकडच्या टॉवरांत ॲल्युमिनियमचे साचे लावून सबंध भिंतच काँक्रीटची ओततात. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून मिनिटाला हजारो बारीक ठोके देतात. या भिंतीपुढे ते ठोके म्हणजे नुसता कोलाहल. तिथे रोटरी हॅमर पाहिजे. त्यात हवेच्या दाबाने दट्ट्या बिटावर आदळतो, ठोके कमी पण एकेक वजनदार. आणि त्याला जुनी बिटं चालत नाहीत. बॉशने 1975 मध्ये आणलेल्या एसडीएस पद्धतीची खाचा असलेली लागतात. म्हणजे एकच माणूस जन्मला वाड्यात, संसार केला कोथरूडला आणि म्हातारपणी मुलाकडे बाणेरला गेला, तर भिंतींनीच त्याला नवनवी मशीनं घ्यायला लावली. यात हौस किती आणि बिल्डरची करणी किती, ते वाचकाने ठरवावं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे मी या गृहस्थाचं वकीलपत्र घेणार नाही. मिस्त्री बोलावून चार भोकं पाडून घेणं स्वस्त पडतं, हे उघड आहे. पण मिस्त्री ‘उद्या सकाळी येतो’ म्हणतो, आणि त्या उद्याची वाट बघण्यात गेलेल्या सकाळींचा हिशेब कोणी धरत नाही. आला तरी पाणसळ न लावता डोळ्याने सरळ धरतो. घरात पाणसळ असेल तर मालक नुसता ती घेऊन शेजारी उभा राहतो, आणि शेल्फ सरळ लागतं. ते हत्यार त्या दिवशी भिंतीला टेकवावंही लागत नाही. ज्याच्याकडे टेस्टर आणि मल्टिमीटर आहे त्याला ‘सगळं वायरिंग बदलावं लागेल’ असं सांगताना इलेक्ट्रिशियनची जीभ जरा अडखळते. न वापरताही हत्यार कामाला येतं ते असं. नव्या वस्तूंच्या बाबतीत तर हे आणखी खरं आहे. मोबाइलला पाच पाकळ्यांचे स्क्रू, मिक्सरला त्रिकोणी खाचेचे. वस्तू तुम्ही विकत घेतलेली, पण उघडायची परवानगी नाही असा सगळा कारभार. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. आमच्या गृहस्थाने तो हक्क त्याच्या कितीतरी आधी बत्तीस बिटांच्या डबीतून मिळवला होता. उघडलेला मिक्सर पुन्हा जुळतोच असं नाही, हा भाग वेगळा.

आणि थोडं निव्वळ सुखाचंही बोलावं. स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 मध्ये हातात धरायचं विजेचं ड्रिल बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका यांचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला 1917 मध्ये मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत, ड्रिल हातात आल्यावर हवेतच दोनदा खटका न दाबणारा माणूस जन्मलेला नाही. लेव्हिटसाहेबांचा विद्यार्थीही दाबतोच. ध्वनिप्रदूषणाच्या सरकारी नियमांत शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा आहे, दुपारी एक ते चार नाही. तरी पुण्यात कोणता नियम मोडल्यावर बेल वाजते हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तो चारची वाट बघतो आणि तोवर बिटं चढत्या क्रमाने लावतो.

राहता राहिला वाटून घेण्याचा मुद्दा. सोसायटीत एक ड्रिल सगळ्यांत मिळून पुरेल असं अर्थशास्त्र सांगतं, आणि खरं तर ती व्यवस्था अशा प्रत्येक सोसायटीत आधीपासून चालू असते. ‘काका, जरा ड्रिल मिळेल का?’ ‘कशाला हवंय?’ ‘टीव्ही लावायचाय.’ ‘भिंत कसली आहे?’ इथे शेजारी गप्प होतो आणि पाचव्या मिनिटाला काका ड्रिल, पाणसळ, गिट्ट्यांचा डबा आणि गॉगल घेऊन स्वतःच दारात हजर होतात. हत्यार एकटं पाठवत नाहीत. तेव्हा तुमच्या इमारतीत असे कोणी असतील तर ड्रिल विकत घेऊ नका, त्यांना बोलवा. चहा ठेवा, भोक कुठे हवं ते पेन्सिलीने आधीच खूण करून ठेवा, आणि ‘एकदाच तर लागतं’ हे वाक्य मात्र त्यांच्यासमोर बोलू नका.