घरी न्या, सेवा करा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परभणीकर पाहुण्याला चहाआधी ऐकवतो. अर्थ विचारू नका. तो कोणालाच नक्की माहीत नाही, अभिमान मात्र प्रत्येकाला आहे.

तर त्या जर्मनीची एक गोष्ट. बऱ्या न होणाऱ्या आजाराचा रुग्ण घरी असेल, तर प्रशिक्षित डॉक्टर-नर्सचं पथक घरी येऊन त्याच्या वेदना आवरेल, हा तिथे २००७ पासून विमा कायद्याने दिलेला हक्क आहे. मुलांच्या गरजा वेगळ्या असतात, त्यांचा वेगळा विचार करा, असंही त्याच कायद्यात लिहिलंय. अशा मुलांसाठीचं तिथलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अशी काळजी घेणारं घर, ओल्पे नावाच्या छोट्या गावात १९९८ सालीच उघडलं.

जर्मनीत कायदा आहे. परभणीत म्हण आहे.

आणि त्या पथकाच्या जागी आपल्याकडे चार शब्द आहेत. घरी न्या, सेवा करा.

सगळे उपाय करून झाले, की मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर फाइल मिटतो आणि एवढंच बोलतो. मग आई-बाप रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडतात, सकाळी परभणीला उतरतात आणि काळीपिवळीत बसून जिंतूरला, पालमला, सोनपेठला जातात. फाइल जाड झालेली असते, लेकरू बारीक.

सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? रात्री दोनला लेकरू कळवळलं तर कोणती गोळी, किती? ओकून टाकली तर परत द्यायची का? धाप लागली तर खिडकी उघडायची, की १०८ ला फोन लावायचा? १०८ आली तर नेणार कुठे? जवळच्या दवाखान्यात. तिथून? पुढच्या शहराची चिठ्ठी. आणि पुढच्या शहरातून?

घरी न्या, सेवा करा.

‘सेवा’ हा शब्द आपल्याकडे वारीत, सत्संगात आणि पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर सारखाच चालतो. तिचंही एक शास्त्र असतं, ते शिकावं लागतं, हे मात्र कोणाच्या गावीही नाही. या शास्त्राला जग पॅलिएटिव्ह केअर म्हणतं. मराठीत कोणी परिहारक म्हणतं, कोणी उपशामक. दोन्ही शब्द ऐकून रुग्णाला आपल्याला आणखी एक आजार झालाय असं वाटतं.

नातेवाइकांना तर पुढचंच ऐकू येतं. ‘म्हणजे आता आशा सोडली म्हणायची?’

नाही हो. मुलांच्या बाबतीत ही काळजी आजाराचं निदान झालं त्याच दिवशी सुरू करा, मूळ आजारावर इलाज चालू असो वा नसो, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच सांगून ठेवलंय. त्यात फक्त कॅन्सर नाही. थॅलेसेमिया आलं, स्नायू झिजवत नेणारे आजार आले, जन्मतः अधू हृदय आलं. काही मुलं तर या काळजीसोबत वर्षानुवर्षं जगतात.

आपण सुरू करतो ती अगदी शेवटी. तीही केलीच तर.

कारण आपलं मूळ गृहीतच पक्कं आहे. ‘लेकराला काय कळतंय?’

हे फक्त पारावरचं मत आहे, असं समजू नका. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या नामांकित रुग्णालयांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या शस्त्रक्रिया नाममात्र भूल देऊन होत. बाळ हलू नये म्हणून औषध देत. दुखू नये म्हणून फारसं कोणी देत नसे. मग इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत आनंद यांनी रीतसर तपासणी केली आणि १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, की नीट भूल दिली तर बाळाच्या शरीरावरचा ताण कमी होतो, नंतरची गुंतागुंतही कमी होते. म्हणजे बाळाला दुखतं.

प्रत्येक आजीला हे माहीत होतं. तिचा शोधनिबंध कोणी छापला नसता.

बरं, दुखणं कळतं. मरण तर नाही ना कळत?

मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ बाई अमेरिकेतल्या एका रुग्णालयात ल्युकेमियाच्या मुलांच्या वॉर्डात जाऊन बसल्या. मुलं तीन ते नऊ वर्षांची. बहुतेकांना कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. १९७८ साली त्यांचं पुस्तक आलं आणि मोठ्या माणसांची पंचाईत झाली. मुलांना सगळं ठाऊक होतं. औषधांची नावं पाठ होती, कोणत्या औषधानंतर कोणतं येतं हे माहीत होतं, कोणाची खाट रिकामी झाली याचा हिशेब होता. शाळा कधी, पुढच्या वाढदिवसाला काय, असले प्रश्न त्यांनी आपणहून बंद केले होते. आणि मुख्य म्हणजे, आपल्याला कळलंय हे आई-बापाला सोसणार नाही, हेही त्यांना कळलं होतं. म्हणून ती न कळल्याचं सोंग करत.

म्हणजे आई-बाप लेकराला सांभाळत होते आणि लेकरू आई-बापाला.

आपल्याकडे वेगळं काय घडतं? बाप फोनवर बोलायला जिन्यात जातो आणि येताना तोंड धुऊन येतो. लेकरू ते ओलं तोंड बघतं. दिवसातून चारदा तोंड धुणारा बाप त्याने गावाकडे कधी पाहिलेला नसतो. त्याला आणखी काय सांगायचं उरतं?

पुढे २००४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कॅन्सरने मूल गमावलेल्या चारशेहून अधिक आई-बापांना सरळ विचारलं : तुम्ही मुलाशी त्याच्या मरणाबद्दल बोलला होता का? १४७ जण बोलले होते. त्यांतल्या किती जणांना पस्तावा झाला?

शून्य.

जे बोलले नव्हते, त्यांतल्या २७ टक्क्यांना मात्र वर्षांनंतरही वाटत होतं, की बोलायला हवं होतं.

‘ते स्वीडन आहे हो, आपल्याकडे असं चालत नाही.’ मान्य. तिथे खोलीत तीन माणसं, आपल्याकडे तेरा. काका ठरवतो, मामा पैसे देतो, आजी नवस बोलते आणि आईला विचारायचं सगळे विसरतात. स्वीडनचं उत्तर परभणीला लागू नसेलही. मग परभणीच्या आईला जाऊन विचारा की! आपल्या कृषी विद्यापीठाने इथल्या शेतकऱ्याला बाहेरचं बियाणं पुरे म्हटलं नाही. ज्वारीचा ‘परभणी मोती’ काढला, भेंडीची ‘परभणी क्रांती’ काढली.

भेंडीला स्वतःचं संशोधन. लेकराला स्वीडनचं उसनं.

महाराष्ट्रात काहीच झालं नाही, असं नाही. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. मेरी अ‍ॅन मुकादन यांनी मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचं काम उभं केलं. २०१० साली ब्रिटिश सरकारच्या मदतीने राज्यात खास मुलांसाठीचा प्रकल्प सुरू झाला, भारतीय आणि आंतरराष्ट्रीय पॅलिएटिव्ह संस्था सोबत होत्या. मुंबईत सायनचं रुग्णालय निवडलं आणि आदिवासी भागात जव्हारचं कुटीर रुग्णालय. डोंगर, पाडे, पावसात तुटणारे रस्ते, असं सगळं असलेलं जव्हार. जव्हारला करून बघता येतं, तर जिंतूरला का नाही?

कारण तो प्रकल्प होता. पाच वर्षांचा. आपल्याकडे चांगली गोष्ट प्रकल्प होऊन येते आणि अहवाल होऊन जाते.

धोरण? तेही आहे. केरळपाठोपाठ महाराष्ट्राने २०१२ साली पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं. याच २०१२ साली राज्यात गुटखाबंदीही झाली. आज परभणीच्या बसस्टँडवर उभं राहून दोन्ही मागून बघा. जे बंद व्हायचं होतं ते कुठे मिळतं, हे शेंबडं पोरही सांगेल. जे सर्वदूर पोचायचं होतं त्याचा पत्ता विचारलात, तर लोक तुम्हाला रसवंतीवर बसवून पाणी देतील.

मॉर्फिनचंही तसंच. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर जुनं, स्वस्त, जगाने तपासून घेतलेलं औषध. ते बनतं अफूपासून, आणि कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला, सरकारी परवान्याने शेतंच्या शेतं फुलतात. पण १९८५चा अमली पदार्थांचा कायदा असा कडक, की दवाखान्याला मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत. दुसरा येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. २०१४ साली संसदेने दुरुस्ती करून ते सोपं केलं, एका परवान्यावर आणलं.

कायदा सैल झाला. आपली भीती नाही झाली. ‘मॉर्फिन? सवय लागेल ना पोराला!’ ज्या लेकराला पुढचा पोळा दिसेल की नाही माहीत नाही, त्याला दहा वर्षांनी व्यसन लागेल ही चिंता. दूरदृष्टी म्हणतात ती हीच असावी.

पैसे नाहीत म्हणता? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला, की सर्वांत गरीब देशांतल्या पंधरा वर्षांखालच्या सगळ्या गरजू मुलांना वेदनेपुरतं मॉर्फिन द्यायचं, तर वर्षाला साधारण दहा लाख डॉलर लागतील. सगळ्या देशांना मिळून. आयपीएलच्या लिलावात एवढ्यात एक बरा अष्टपैलूही येत नाही.

मग गावातली समजूतदार मंडळी येतात. भेटायला. मुंबईला नेलं का? किती खर्च आला? रान विकलं का? अमक्या गावच्या बाबाकडे एकदा दाखवा. पपईच्या पानांचा रस द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. चहा होतो, उठताना खाटेकडे बघून सुस्कारा सोडतात, आणि दारातच, लेकराला ऐकू जाईल अशा आवाजात, ‘सुटलं तर बरं.’

दुखतंय का, हे कोणी विचारलं? त्याला?

परभणीला २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. बरं झालं. श्रेय ज्याने त्याने घेतलं, तेही ठीक. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला ‘बरं करता येणार नाही’ आणि ‘काही करता येणार नाही’ यातला फरक कळावा, ही अपेक्षा फार झाली का?

सुरुवातीला फार काही लागतही नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी मुलांसाठी एक तक्ता तयार केला. सहा गोल चेहरे. पहिला हसरा, शेवटचा रडणारा. तीन वर्षांचं पोरही बोट ठेवून सांगतं, आत्ता किती दुखतंय ते. अक्षर यायला नको, इंग्रजी यायला नको, काकाची परवानगी नको.

कलेक्टर कचेरीसमोर झेरॉक्सवाले बसलेलेच असतात. एका प्रतीला दोन-तीन रुपये. रंगीत हवी असेल तर दहा.