चारच ग्लासांचं पथ्य

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशा डॉक्टरांचा तुटवडा कुठल्याच देशात नाही. डब्लिनचा डॉक्टर टॉमी क्रीन त्यातलाच. फक्त कोरडा नव्हे.

उंची सहा फुटांच्या वर, वजन पंचाण्णव किलोच्या घरात, आणि एवढा देह घेऊन वाऱ्यासारखा पळायचा. रग्बीत असा गडी अंगावर आला तर काय करावं, हे वैद्यकशास्त्र सांगत नाही. नंतर काय करावं ते सांगतं. क्रीनकडे दोन्ही सोयी होत्या. 1894 मध्ये आयर्लंडनं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांनाही एकाच मोसमात पहिल्यांदा लोळवलं, त्या संघात तो होता. 1896 मध्ये डॉक्टर झाला आणि दवाखाना थाटायचा सोडून ब्रिटिश संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाला. घरचे काय म्हणाले असतील, ते कुठल्याही आईबापांना विचारा.

केपटाउनला ऐन सामन्याच्या दिवशी खुद्द तिथल्या पंतप्रधानांकडे जेवण. शँपेनची रेलचेल. अशा वेळी संघातल्या डॉक्टरनं चार शब्द सुनावायला हवेत, ते त्यानं सुनावले म्हणतात. एखाद्याचं मीठ तोडावं तसा गंभीर चेहरा करून फर्मान निघालं: आज खेळायचंय, माणशी चार ग्लासांच्या वर नाही. तेही मोठे ग्लास. सामना शून्य-शून्य सुटला. दौऱ्यातल्या एकवीस सामन्यांत बरोबरी झाली ती तेवढीच. पाचवा ग्लास मिळता तर काहीतरी निकाल लागला असता, असं आपलं माझं मत.

दौरा संपला, स्वारी जोहान्सबर्गलाच राहिली. 1899 मध्ये बोअर युद्ध पेटलं, तेव्हा हा शिकलासवरलेला डॉक्टर ब्रिटिशांच्या फौजेत साधा घोडेस्वार म्हणून भरती झाला. लष्कराला त्याची पदवी उशिरा आठवली. 18 डिसेंबर 1901 ला टायगरक्लूफला तो जखमींना पट्ट्या बांधत होता, शत्रू दीडशे यार्डांवर. गोळी लागली. रोग्याला लागली असती तर त्यानं आडवं पडायला फर्मावलं असतं. स्वतः पुढच्या जखमीकडे सरकला. दुसरी लागली तेव्हा कुठे थांबला. ‘पार मेलो रे!’ अशा अर्थाचं ओरडला म्हणतात, आणि बघणाऱ्यांचंही तेच मत पडलं.

निदान साफ चुकलं. हा मेलेला गृहस्थ पुढच्या वर्षी राजाच्या हातून व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला हजर, पहिल्या महायुद्धातही हजर, तिथे आणखी एक पदक पटकावलं, आणि 1923 पर्यंत जगला.