सदर प्रबंधाच्या अनुषंगाने : पीएच.डी. इच्छुकांसाठी नियमावली

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन, असा सगळा हिशोब त्यात आहे. एवढी वर्षं काढायची कशी, याबद्दल मात्र आयोगाने मौन पाळलं आहे. ती उणीव भरून काढण्यासाठी पुढील नियम प्रसृत करण्यात येत आहेत. ते भाषा, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांना लागू राहतील. विज्ञानवाल्यांना मशीन बंद पडल्याचं कारण तरी सांगता येतं.

नियम १ : विषय

विषय शोधायचा नसतो, जुळवायचा असतो. एक सरकारी योजना घ्यावी, तिला आपला तालुका जोडावा, दोन सालं घालावीत आणि शेपटाला ‘एक चिकित्सक अभ्यास’ लावावं. उदाहरणार्थ, ‘बचतगटांद्वारे महिलांचे आर्थिक सक्षमीकरण : एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका, २००१ ते २०२०’. हा विषय नाकारायची कुठल्याच समितीची छाती होत नाही, कारण निम्म्या सदस्यांचे स्वतःचे प्रबंध शेजारच्या तालुक्यावर असतात.

साहित्यात काम करायचं असेल, तर लेखक दिवंगत निवडावा. हयात लेखक व्हायवाला येऊन पहिल्या रांगेत बसतो.

या पद्धतीत एकच धोका आहे. कधी कधी अशा विषयातही खरा प्रश्न निघतो. एका गावातले सगळे गट दोन वर्षांत बुडाले आणि ओढ्यापलीकडच्या गावातले अजून चालू आहेत, असं काहीतरी नजरेला पडतं. असं झालं तर घाबरू नये. समितीपुढेही बोलू नये, कारण समिती लगेच ‘व्याप्ती वाढेल’ म्हणते. सिनॉप्सिस आहे तसा मंजूर करून घ्यावा आणि तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. पुढे हाती बाकी काही उरत नाही, तेव्हा तोच उपयोगी पडतो.

नियम २ : गाइड

प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे ‘पेट’ ही प्रवेश परीक्षा पास झालेले उमेदवार एखाद्या सरांची जागा कधी रिकामी होते, याकडे डोळे लावून बसलेले असतात. जागा मिळाली की कृतज्ञ राहावं. नॅकच्या फायली लावणं, चर्चासत्राच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं आणि मॅडमच्या मोबाइलमध्ये मराठी कीबोर्ड टाकून देणं ही कामं कोर्सवर्कच्या क्रेडिटमध्ये धरली जात नाहीत. पण ती न करता प्रबंध पुरा झाल्याची उदाहरणं विरळा.

गाइड दोन प्रकारचे असतात. एक, जे आपलं लिखाण वाचत नाहीत. दोन, जे वाचतात. पहिल्या प्रकाराबद्दल तक्रार करणाऱ्यांची दुसऱ्या प्रकाराशी अजून गाठ पडलेली नसते.

पहिल्या प्रकारावर उपाय असा : पूर्ण प्रकरण कधीही देऊ नये. ‘ठेवून जा, बघतो’ असं सर म्हणतात आणि तुमचं प्रकरण दोन, तुमच्या आधीच्या विद्यार्थ्याच्या प्रकरण दोनवर जाऊन बसतं. त्याऐवजी चार पानं न्यावीत आणि वर पेनाने लिहावं, ‘सर, पान तीनवरचा निष्कर्ष पटतो का?’ चार पानं चहा निवायच्या आत वाचून होतात. शिवाय प्रश्न नेमका असला की उत्तर द्यावंच लागतं.

दुसऱ्या प्रकाराचे गाइड स्वतःचं गृहीतक तुमच्या हातून सिद्ध करून घेऊ पाहतात. अशा वेळी इरावती कर्वे आठवाव्यात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करत होत्या. माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधला फरक वंशानुसार बदलतो, असं फिशर यांचं म्हणणं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. तरीही पदवी मिळाली. सरांच्या विरुद्ध जायचं असेल तर मोजमापं घेऊन जावं. नुसता बाणेदारपणा नेऊ नये.

नियम ३ : सह्या

दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. या प्रसंगी स्लाइडवर बाणांची आकृती असावी. बाण कुठून कुठे जातात, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. अहवालात ‘काम समाधानकारकरीत्या सुरू आहे’ असं लिहून गाइडची सही, विभागप्रमुखाची सही, शिक्का आणि जावक क्रमांक घ्यावा. विभागप्रमुख रजेवर असतील, तर प्रभारी कोण याची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

फेलोशिप ही अशीच सह्यांची बाब आहे. २०२३ पासून जेआरएफची रक्कम ३७,००० रुपये दरमहा झाली. त्यातला ‘दरमहा’ आदेशापुरता मानावा आणि मेसवाल्याशी संबंध चांगले ठेवावेत. ज्यांना फेलोशिप नाही, त्यांनी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घ्यावेत. सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना संशोधन पद्धती शिकवावी आणि संध्याकाळी स्वतःला वेळ मिळाला तर ती वापरावी.

इथे एक गोष्ट ध्यानात येईल. नोंदणीपासून पदवीपर्यंत यंत्रणा तुमच्याकडे सह्या, पावत्या, प्रती आणि शपथपत्रं मागते. चांगलं वाक्य ती एकदाही मागत नाही. याचा अर्थ वाक्याच्या बाबतीत तुम्ही पूर्ण स्वतंत्र आहात. एवढं स्वातंत्र्य या व्यवस्थेत दुसऱ्या कुठल्याच बाबतीत मिळत नाही. ते वापरलं नाही तर दोष यंत्रणेचा नाही.

नियम ४ : लेखन

प्रबंधाची भाषा भारदस्त असावी, असा सार्वत्रिक समज आहे. त्यातून पुढीलप्रमाणे वाक्य तयार होतं : ‘सदर संशोधनाच्या अनुषंगाने असे निदर्शनास येते की, ग्रामीण भागातील महिलांच्या आर्थिक सक्षमीकरणाच्या प्रक्रियेमध्ये बचतगटांची भूमिका ही अत्यंत महत्त्वपूर्ण स्वरूपाची असल्याचे दिसून येते.’

हे वाक्य निर्दोष आहे. त्यावर कुणीही आक्षेप घेऊ शकत नाही, कारण त्यात आक्षेप घेण्याजोगं काही नाही. ते कुठल्याही तालुक्याला लागू पडतं. ‘बचतगट’ काढून ‘दुग्धव्यवसाय’ टाकलं तर दुसऱ्या प्रबंधातही चालतं. एकाच गोष्टीचं त्यात एकदा निदर्शन होतं आणि शेवटी पुन्हा दर्शन होतं. मधे मात्र एकही बाई दिसत नाही.

आता दुसरं वाक्य पाहावं : ‘गटातल्या बहुतेक बायकांनी पहिलं कर्ज मुलांच्या फीसाठी काढलं आणि दुसरं, पहिलं फेडण्यासाठी.’ हे वाक्य धोकादायक आहे. ते खोटं ठरू शकतं. किती बायका, कोणत्या गावातल्या, हे तुम्हाला कसं कळलं, असं परीक्षक विचारू शकतो. म्हणजे तुम्हाला प्रश्नावली खरोखरच भरून घ्यावी लागणार, पन्नास अर्ज एका रात्रीत वेगवेगळ्या शाईंनी भरून भागणार नाही. ज्यांना एवढा त्रास झेपणार नाही, त्यांनी पहिलंच वाक्य वापरावं. ज्यांना झेपेल, त्यांच्यासाठी पुढील उपनियम :

अ) लिहायला बसण्याआधी आपलं म्हणणं एका वाक्यात शेजारच्या काकूंना सांगून पाहावं. काकूंनी ‘मग पुढे?’ विचारलं तर प्रकरण लिहायला घ्यावं. ‘छान छान’ म्हणाल्या तर परत वाचायला बसावं.

आ) रोज एक पान लिहावं, वाईट लिहावं. वाईट पान दुरुस्त करता येतं. ‘एकदा सगळं वाचून झालं की एकटाकी लिहून काढीन’ असं म्हणणारे आठव्या वर्षीही वाचतच असतात.

इ) साहित्याचा आढावा म्हणजे हजेरीपट नव्हे. अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे, अशी चाळीस पानं भरण्यापेक्षा अमुक आणि तमुक यांचं भांडण कुठे आहे ते सांगावं आणि आपण कुणाच्या बाजूला बसणार तेही.

ई) पुस्तक हातात असतानाच लेखक, आवृत्ती, प्रकाशक, साल आणि पान टिपून घ्यावं. जुन्या पुस्तकावर शके १८२२ असेल तर ७८ मिळवावेत. ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला पृष्ठ क्रमांक सबमिशनच्या आदल्या आठवड्यात शोधायला जावं, तर पुस्तक बाइंडिंगला गेलेलं असतं. ‘तत्रैव’ जपून वापरावं : मधे एक नवी तळटीप घुसली की खालची सगळी तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतात.

उ) ‘मर्यादा’ या मथळ्याखाली वेळ आणि पैसा यांना दोष न देता, आपल्याला काय कळलं नाही ते लिहावं. परीक्षक तिथे थबकतो, कारण असं काही वाचायची त्याला सवय नसते.

नियम ५ : साम्य

आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सादरीकरणाला बंदी आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. त्यामुळे अनेक अभ्यासक ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘महत्त्वपूर्ण’ आणि ‘स्त्रिया’च्या जागी ‘महिला’ घालून मौलिकता साधतात. उसना विचार तसाच ठेवून शब्द तेवढे बदलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात स्वतःचा एक विचार करून होतो. पण ही गोष्ट दोन्ही करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

मराठी प्रबंधाला एक जादा सोय आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचाच असतो. फाँट काढला की पडद्यावर डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं उरतात. सॉफ्टवेअरलाही तेवढंच दिसतं आणि ते निष्पाप मनाने शून्य टक्के साम्य दाखवू शकतं. हुरळून जाऊ नये. विद्यापीठ युनिकोड फाइल मागतं. डीटीपीवाला रूपांतर करून देतो, त्यात रफार गळतात आणि बचतगटांच्या प्रबंधातलं ‘कर्ज’ पानोपानी ‘कज’ होऊन बसतं. अख्ख्या तालुक्याचं कर्ज असं एका क्लिकमध्ये निकालात निघालेलं कर्जमाफीतही पाहायला मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, स्वतःच्या हाताने टाइप करावं.

मौलिकतेचा आग्रह सगळ्यांनाच सारखा लागू असतो, अशी अपेक्षा ठेवू नये. डिसेंबर २०२३ मध्ये बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपसाठी संशोधकांची परीक्षा झाली, तेव्हा ही तर २०१९ च्या सेटचीच प्रश्नपत्रिका, अशी तक्रार करत परीक्षार्थींनी बहिष्कार टाकला. इथे साम्याची टक्केवारी काढायला सॉफ्टवेअर लागलं नाही.

नियम ६ : शोधनिबंध

आयोगाने आधी सबमिशनपूर्वी निबंध छापणं सक्तीचं केलं, मग ‘केअर’ या आपल्या यादीतल्या नियतकालिकांनाच मान द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये सक्ती काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यादीही बंद केली. या काळात ज्यांनी ‘आंतरराष्ट्रीय बहुभाषिक बहुविद्याशाखीय’ मासिकांना पैसे भरून निबंध छापले, त्यांनी ती प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवावीत. नव्यांनी एकच कसोटी लावावी : ज्या अंकात आपला निबंध यावा असं वाटतं, त्यातले इतर निबंध आपण स्वतः वाचतो का?

नियम ७ : नातेवाईक

‘झालं का तुझं पीएच.डी.?’ या प्रश्नाचं ‘सबमिशनच्या टप्प्यात आहे’ हे उत्तर पहिल्या वर्षापासून देता येतं. ते खोटं नाही. आपण सगळेच कुठल्यातरी टप्प्यात असतो. पीएच.डी. करून काय दिवे लावणार, हा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात विधान परिषदेतही निघाला होता. तेव्हा आत्याने लग्नाच्या पंगतीत विचारला तर मनाला लावून घेऊ नये. तिला निदान उत्तर ऐकायला वेळ असतो. काकूंवर तपासून घेतलेलं वाक्य इथेही चालवून पाहावं.

नियम ८ : व्हायवा आणि नंतर

परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या तर खचू नये. डॉ. आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंधही लंडनच्या परीक्षकांनी सुधारून मागितला होता. सुधारून दिल्यावर १९२३ मध्ये त्यांना त्यावर डी.एससी. मिळाली. व्हायवाच्या दिवशी शाल, श्रीफळ, बुके आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांच्या परतीच्या गाडीची वेळ या चार गोष्टी तयार ठेवाव्यात. शेवटची सर्वांत महत्त्वाची : गाडी लवकरची असेल तर प्रश्न कमी येतात.

यथावकाश मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटतात आणि प्रबंधाची सॉफ्ट कॉपी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत शोधगंगेवर चढते. त्यानंतर तो वाचणारा पहिला माणूस बहुधा दुसऱ्या तालुक्यातला, तोच विषय घेतलेला आणि घाईत असलेला संशोधक असेल. प्रस्तावना आणि आढावा तो जसाच्या तसा उचलेल. त्याबद्दल राग धरू नये, तुम्हीही ते कुठूनतरीच आणलं होतं. पण बुडालेल्या आणि टिकलेल्या गटांच्या त्या दोन गावांवर तुम्ही स्वतः जाऊन, विचारून, मोजून लिहिलेलं एखादं पान त्यात असलं, तर ते त्याला गुपचूप ढापता येणार नाही. त्याच्या तालुक्यात ती गावंच नाहीत. त्याला नाइलाजाने तळटीप द्यावी लागेल, तुमच्या नावासकट.