हे भुयार थेट खंबायतला निघतं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही लेण्यात शिरा, दोन गोष्टी हमखास असतात: वटवाघळं आणि भुयार. वटवाघळं आपोआप दिसतात, भुयार दाखवावं लागतं. कोपऱ्यात गुडघ्याएवढा कोनाडा असतो, त्यात वेफर्सची पाकिटं आणि चेपलेली पाण्याची बाटली. गाईड तिकडे टॉर्च मारतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "हे भुयार थेट नाशिकला निघतं. सरकारने बुजवलंय." आपण नाशिकच्याच लेण्यात उभे असलो तर ते त्र्यंबकेश्वरला निघतं. त्र्यंबकेश्वर फारच जवळ वाटलं तर देवगिरीला. गाईड मंडळींची सगळी भुयारं खरी असती तर सह्याद्री कधीच खाली बसला असता, आणि रविवारी संध्याकाळी बोरघाटात गाड्यांची रांगही लागली नसती.

पण गाईडला उगाच हसू नये. ही थाप खानदानी आहे. सोळाव्या शतकात आंतोनियो दो पोर्तु नावाचा पाद्री वीसेक माणसं घेऊन कान्हेरीच्या भुयारात शिरला, सात दिवस चालत राहिला आणि तरी शेवट सापडेना म्हणून परत फिरला, अशी हकिकत दियोगो दो कौतू या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. भुयार गुजरातेत खंबायतपर्यंत जातं अशी तेव्हा समजूत होती. आज कान्हेरीचा डोंगर पोरंटोरं अर्ध्या दिवसात पालथा घालतात. पाद्रीबाबा सात दिवस कुठे चालत होते हे त्यांचं त्यांना ठाऊक. पण लेण्यांविषयी छापील थापेला चारशे वर्षांची वंशावळ आहे, एवढं लक्षात असू द्या.

या थापांचा नायनाट करायला अलीकडे एक नवी जमात उदयाला आली आहे. तिला लेणीप्रेमी म्हणतात. बारा खिशांची पँट, कपाळावर दिवा, गळ्यात लेझरचं मोजयंत्र, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकलेली ताजी ताजी ब्राह्मी. लेणीप्रेमी स्वतः गाईड घेत नाही. तो दुसऱ्याने पैसे देऊन घेतलेल्या गाईडच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालतो आणि योग्य क्षणी म्हणतो, "चूक!"

घारापुरीला हा प्रयोग रोज होतो, सोमवार सोडून, कारण सोमवारी लेणं बंद. परवा गाईडने तीन तोंडांच्या त्या वीसेक फुटी मूर्तीसमोर नेहमीप्रमाणे हात फिरवला, "हे ब्रह्मा, हे विष्णू, हे महेश."

"चूक!" मागून एक मॅडम. "ही त्रिमूर्ती नाहीच मुळी. हा सदाशिव. मधलं तोंड तत्पुरुषाचं, बाजूची दोन अघोर आणि वामदेव. चौथं मागे आहे, ते कातळात."

"आणि पाचवं?" एका काकांनी विचारलं. हेही लेणीप्रेमीच, पण दुसऱ्या गटाचे.

"पाचवं वर. ते दाखवत नाहीत."

हात जोडून उभ्या असलेल्या एक आजी हे सगळं ऐकत होत्या. "म्हणजे बाई, तिन्ही तोंडं एकाचीच?"

"हो आजी."

"मग एकच नमस्कार पुरे की!" असं म्हणून आजींनी बोट पकडायला काढता पाय घेतला. मॅडमचं म्हणणं मूर्तिशास्त्राला धरून सोळा आणे खरं होतं. पण गाईड मुरलेला. पुढच्या घोळक्याला तो सांगत होता, "हे ब्रह्मा-विष्णू-महेश. काही लोक सदाशिव म्हणतात, पण ते पुण्याचे."

लेणं कोरायला वेळ किती लागला, या प्रश्नावर तर ऐकत राहावं असा वाद होतो. गाईडच्या वेळापत्रकात पांडवांना एक रात्र. काम अर्धवट दिसलं की कोंबडा आरवला. या राज्यातल्या अपुऱ्या कामांची जबाबदारी इतक्या बिनबोभाट घेणारा पक्षी दुसरा नाही. वेरूळच्या कैलासाला मात्र आठवडाभराची मुदत आहे, आणि ती कुणा ऐऱ्यागैऱ्याने दिलेली नाही. कृष्ण याज्ञवल्कीच्या कथाकल्पतरूत ती गोष्ट येते. राणीने पण केला की देवळाचं शिखर पाहिल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. आता पाया, जोतं, भिंती करत शिखरापर्यंत यायचं तर राणीचं काय होणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि त्याने कामाला शिखरापासूनच सुरुवात केली. कैलास वरून खाली का कोरला याचं इतकं घरगुती आणि पटणारं कारण एकाही प्रबंधात मिळणार नाही. अभ्यासक आपले राष्ट्रकूट, आठवं शतक, पहिला कृष्ण, अनेक टप्पे असं रुक्ष काहीतरी सांगतात. आणि मोबाइलवरचे विद्वान सांगतात की हे परग्रहावरच्या लोकांनी केलं. एवढ्या लांबून येऊन त्यांनी दारात गजलक्ष्मी कोरली, पुढे नंदीला मंडप बांधून दिला आणि स्वतःचा एक साधा फोटोही मागे ठेवला नाही. असा निःस्वार्थीपणा आपल्या आकाशगंगेत तरी विरळा.

अजिंठ्याला घोटाळा वेगळा. तिथे एक नंबरचं लेणं सगळ्यात आधी कोरलं असा पर्यटकांचा ठाम समज असतो आणि गाईड तो मोडत नाही, कारण मोडला तर दहापर्यंत चालावं लागतं. आकडे नदीच्या वळणाने एका टोकाकडून टाकलेले आहेत. नऊ आणि दहा इसवी सनाच्या आधीची, एक नंबर पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या हरिषेणाच्या काळातलं. चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हणतात, ती ओल्या नव्हे, सुक्या गिलाव्यावर काढलेली. हे सांगितलं की पर्यटक "असं होय" म्हणतो आणि पद्मपाणीसमोर सेल्फी काढतो. त्याचं बरोबरच आहे. गिलावा ओला होता की सुका, याने पद्मपाणीच्या चेहऱ्यावर काही फरक पडलेला नाही.

कार्ल्याला चैत्यगृहाच्या दारात सिंहांचा स्तंभ आहे. चार सिंह दिसले की आपल्याकडे एकच नाव आठवतं, त्यामुळे कार्ल्याचं लेणंही दर रविवारी अशोकाच्या खात्यावर जमा होतं. वास्तविक मूळ मालक दारातच नाव लिहून बसला आहे. वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठ. लेखात त्याने हेही कोरून ठेवलंय की हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. म्हणजे स्वतःच्या लेण्याची जाहिरात करणारा पहिला गाईड खुद्द देणगीदारच. आता आत जाऊन उभे राहा. डोक्यावर कमानदार छत आणि त्याला दोन हजार वर्षांपूर्वी बसवलेल्या सागवानी फासळ्या अजून तशाच. स्तूपावर लाकडी छत्र. पिंपळपानासारख्या खिडकीतून उजेड आत येतो आणि बाहेरचा एकवीरेच्या दर्शनरांगेतला गजर, कोंबड्यांची विक्री, लेकरांची रडारड सगळं अर्ध्यावर राहतं. शेठ खोटं बोलत नव्हता. व्यापारी असून.

पण लेणीप्रेमी छताकडे बघत नाही. तो मोजत असतो. चैत्यगृहाची लांबी 124 फूट, हे जुन्या पुस्तकांपासून चालत आलेलं माप. फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी 1880 साली लेण्यांवरचा मोठा ग्रंथ काढला, त्यानंतर सगळे तेच आकडे वापरत आले. मोजयंत्रवाल्या काकांच्या लेझरने सात सेंटिमीटर जास्त दाखवले. झालं! लेझर दाराच्या आतून धरला की बाहेरून, स्तूपामागची भिंत खडबडीत आहे मग कुठल्या टेंगळापर्यंत मोजायचं, बर्जेसची साखळी उन्हात ताणली होती का. मग खांबांची मोजणी. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपामागे सात साधे, एकूण 37. दुसरा गट म्हणाला 41, कारण दाराशी सज्जाखालचे चार सोडायचे कोणी सांगितले? हा वाद कार्ल्याच्या पायऱ्यांवरून खाली उतरला, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात शिरला आणि त्या रात्री दोन व्हॉट्सॲप गट होते त्याचे तीन झाले. लेण्याद्रीच्या पायऱ्यांबाबत हीच मंडळी हात टेकतात. कुणी 283 सांगतो, कुणी 307. भाविकांचा हिशेब सोपा: गुडघे ठीक असतील तर पहिला आकडा, नसतील तर दुसरा.

लेण्यात नाव कोरणारे हा लेणीप्रेमींचा आणखी एक ज्वलंत विषय. कान्हेरीला 1009 आणि 1021 साली काही पारशी मंडळी येऊन गेली आणि पहलवी लिपीत आपली नावं भिंतीवर टाकून गेली. तिथे लेणीप्रेमी चपला काढून, श्वास रोखून, तिरका उजेड टाकून फोटो घेतो. अजिंठ्याला दहा नंबरात जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने एप्रिल 1819 मध्ये खांबावर नाव खरवडलं. तेव्हा आत ढिगारा साचलेला होता, त्यावर उभं राहून खरवडल्यामुळे ते आज डोक्यावर दिसतं. तेही आदराने दाखवतात, सोबत स्मिथच्या शिकारीच्या गोष्टीतला वाघ दर वर्षी वीतभर वाढवून. मात्र त्याच लेणीमालिकेत "पप्पू + स्वीटी 2021" दिसलं की पोलिसात तक्रार. करायलाच हवी, वाद नाही. पप्पूने फक्त हजार वर्षं थांबण्याचा संयम दाखवायला हवा होता.

आणि आता प्रवेशाचा मुद्दा. हा नाजूक आहे, कारण गाईड खोटं सांगतो पण सगळ्यांना सांगतो. लेणीप्रेमीला खरं माहीत असतं पण तो सांगत नाही. जुन्नरच्या बाजूला, डोंगरात कुठेतरी, त्याला एक "अज्ञात" लेणं सापडतं. फोटो टाकतो, खाली लिहितो: "ठिकाण मुद्दाम देत नाही." चोवीस तासांच्या आत दुसऱ्या गटातला कोणीतरी मागच्या सुळक्यावरून आणि पवनचक्क्यांवरून ठिकाण ओळखतो. पुढच्या रविवारी तिथे नऊ गाड्या, एक ड्रोन आणि एक रीलवाली ताई. लेण्यात मेंढरं बांधलेला बाबा बाहेर येऊन विचारतो, "काय हरवलंय का पाव्हणं?"

"बाबा, हे लेणं कधी सापडलं तुम्हाला?"

"सापडायला काय, हितंच हाय की. माझा बा हितंच वैरण ठेवायचा."

अहवालात बाबांचा उल्लेख "स्थानिक" असा होतो. कौतुक शोधकर्त्याचं.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यावर, हीच गंमत जरा मोठ्या प्रमाणावर झाली. 1823 साली कुणा कॅप्टनने त्या लेण्यांची दखल घेतली. मग जवळजवळ दोनशे वर्षं पंडित आले, छायाचित्रकार आले, ठसे घेणारे आले, शेवटी लेझरवालेही आले. आणि 2021 साली तिथे आणखी लेणी सापडली ती पावसाळ्याआधी पाण्याची पन्हळ साफ करताना. ज्यांच्याकडे ड्रोन होता त्यांनी आकाश धुंडाळलं होतं. ज्यांच्याकडे खराटा होता त्यांना लेणं मिळालं.

सरकारचं काय? सरकारकडे कुलूप आहे, ते काम चोख आहे. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळे जोडून सुट्टी काढून आलेलं कुटुंब दोनांपैकी एकाच्या फाटकाला हात लावून परत जातंच जातं. कान्हेरीला आधी जंगलाचं तिकीट, मग लेण्याचं वेगळं. लेण्याद्रीला गणपतीचं दर्शन घ्यायला पुरातत्त्व खात्याचं तिकीट, कारण देव सात नंबरच्या विहारात राहतो आणि विहार संरक्षित आहे. देवही बहुधा संरक्षित असावा. माहितीचा फलक असतो तिथे तो उन्हाने पांढरा पडलेला, पण शिक्षेचा निळा फलक ठणठणीत. लेणं कोणाचं, कुठल्या शतकातलं, याबद्दल मौन. नुकसान केलंत तर काय होईल ते रुपयासकट. 1958 च्या कायद्यात तीन महिने किंवा पाच हजार होते, 2010 ला ते दोन वर्षं आणि एक लाखावर गेले. अख्ख्या लेण्यात वादाच्या पलीकडचे आकडे एवढेच, त्यांना लेझर लावायला अजून कोणी गेलेलं नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून लेणीप्रेमींच्या एका गटाने गाईडांसाठी अचूक माहितीची चोवीस पानी पुस्तिका काढली आणि एका गाईडला ती घोकायला लावली. पोरगा हुशार, महिनाभरात तोंडपाठ. परवा त्याच्याकडे गेलो तर त्याने आधी अंदाज घेतला. "साहेब, खरं सांगू का नेहमीचं? खऱ्याला पाऊण तास लागतो, नेहमीचं वीस मिनिटांत होतं, भुयारासकट."

"लोक कुठलं घेतात?"

"खरं घेणारे मधेच चहाला जातात आणि टिप देत नाहीत. नेहमीचंवाले शंभर जास्त देतात."

आमच्याबरोबर मोजयंत्रवाले काका होते. पुस्तिकेची अकरा पानं त्यांनी स्वतः लिहिलेली. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुढे अजून दोन लेणी मोजायची होती.

"नेहमीचंच सांग," काका म्हणाले, "फक्त भुयाराची लांबी बरोबर सांग."