साय, केस आणि शेंबूड

चिंचोटीला राहणाऱ्याला शेवाळ विकत घ्यावं लागत नाही. जुलैत ते गच्चीवर येतं, कंपाउंडवर चढतं, दोन दिवस न हलवलेल्या स्कूटरवरही हक्क सांगतं. धबधब्याकडच्या दगडांवर तर पाय ठरत नाही; पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात, तरी हायवेच्या फाट्यावर उतरून "वॉटरफॉल किधर?" विचारणारे विचारतातच. मी स्वतः आषाढापासून खराटा आणि ब्लिचिंग पावडर घेऊन गच्चीवर असतो. अशा माणसाने घरात पैसे मोजून शेवाळाची सोय करावी, याला काय म्हणतात ते आई मला रोज नव्या शब्दांत सांगते.

टाकी माशांची आणि प्रवाळाची, खाऱ्या पाण्याची, 90 लिटरची. लिटरला 35 ग्रॅम म्हटलं तरी तीन किलोंच्या वर मीठ लागतं, आणि ते खास टाकीसाठीचं, महाग. शेजारचे काका आगरी, मिठागरात वाढलेले. "अरे, नायगावला मीठ पिकतं आणि तू डब्यातलं आणतोस?" त्यांचं खरंच होतं. पण मिठाचा खडा धरेपर्यंत समुद्रातलं कॅल्शियम बरंचसं आधीच खाली बसतं, मॅग्नेशियम मागच्या कडू पाण्यात राहतं. आणि प्रवाळाला नेमकं तेच हवं असतं. हे मी काकांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईकडे सहानुभूतीने पाहिलं.

मिठाची एवढी चिकित्सा केली आणि पाणी मात्र टँकरचं, साध्या फिल्टरमधून काढून ओतलं. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी भुकटी बसली. बोट फिरवलं तर पोळपाटावरच्या पिठासारखी उडाली. हे डायटम. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असते, आणि डायटम आपलं घर सिलिकेचं, म्हणजे काचेचंच बांधतं. त्याला औषध नाही, लागतही नाही. सिलिका संपली की ते आपोआप जातं. पुढचं पाणी तेवढं टीडीएस शून्यावर आणून भरायचं. एवढं कळायला मी दोन टूथब्रश झिजवले.

डायटम गेलं आणि लाल-जांभळी साय आली. चिमटीत धरली की दुधावरच्या सायीसारखी अख्खी उचलली जाते, खाली बुडबुडे. "तुरटी फिरव," आई म्हणाली. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यापासून दाढी करताना कापण्यापर्यंत आईचा तुरटीवर विश्वास आहे. पण ही साय शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्या पूर्वजांमुळे. मिठागरांच्या तळ्यांत यांचीच चटई चिखलावर बसते आणि पाणी झिरपू देत नाही. म्हणजे बाहेर जो कामाचा गडी, तो माझ्याकडे उपद्रवी. एवढ्या थोर घराण्याला मी रबरी नळीने ओढून बादलीत काढलं, माशांचं एक जेवण तोडलं आणि पाण्यातल्या पंख्याचं तोंड सायीच्या कोपऱ्याकडे वळवलं. मग हिरवे केस आले. उपटले की हातात येतात. खाणं जास्त, नायट्रेट-फॉस्फेट जास्त, असा त्याचा सरळ अर्थ. शंख आणून सोडले, ते चरायला लागले.

इथे थांबायला हवं होतं. पण गच्चीवरचा खराटा माझ्या अंगात भिनलेला. फॉस्फेट शोषणारं औषध दुप्पट घातलं, पाणी दर चौथ्या दिवशी बदललं. चाचणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी मित्रांना फोन करून सांगितलं. आठ दिवसांत दगडांवर तपकिरी शेंबूड लोंबायला लागला, टोकाला बुडबुडे. रात्री गायब, दुपारी हजर.

त्यातला थोडा बरणीत घेतला, टाकीचं पाणी घालून ताकासारखा खळाखळा हलवला आणि फिल्टर पेपरमधून गाळला. खालचं पाणी स्वच्छ दिसत होतं. ग्लास दिव्याखाली ठेवून चहा केला, प्यायला, पेपर वाचला. तासाभराने ग्लासात पुन्हा धागे जुळले होते. डायनोफ्लॅजेलेट. हिवाळ्यात कोकणच्या लाटा रात्री निळ्या चमकवणारा नॉक्टिलुका याच कुळातला, पण माझ्या वाट्याला त्या घराण्यातला न चमकणारा भाऊ आला. बाकी सगळे उपाशी मेले की याला मोकळं रान मिळतं. ते रान मीच साफ करून दिलं होतं. दोन शंख दगावले.

उपाय उलटा होता: औषध बंद, पाणी बदलणं बंद, माशांना वाढीव खाणं, आणि तीन दिवस टाकीवर अंधार. जुनी चादर घातली तेव्हा आईने विचारलं, "सुतक कोणाचं?"

चादर काढली तेव्हा धागे विरळ झाले होते, तरी पुरते जायला दोन महिने लागले. थोडे हिरवे केस परत आले, ते मी राहू दिले. परवा ऑफिसातून आलो तर आई स्टुलावर चढून टाकीत वाकलेली, हातात माझाच टूथब्रश. मागच्या दगडावर शेंगदाण्याएवढा गुलाबी ठिपका उमटला होता. कोरलाइन शेवाळ, दगडासारखं टणक. ज्याची मी सात महिने वाट पाहत होतो ते, बहुधा एखाद्या शंखाच्या पाठीवरून आलेलं.

"थांब, हे एवढं निघतच नाहीये," आई म्हणाली.